ध्वनिमुद्रिकांच्या सहवासांत : टारबोल्टनची गत

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक चमत्कारिक वाद झाला. माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त डब्लिन शहरीं असतो. त्यानें एका जुन्या तबकडीवरून उतरून घेतलेलें फिडलचें वादन आम्हांस पाठविलें आणि सोबत एवढेंच लिहिलें कीं, "काका, हें तीन वेळां ऐका, पहिल्या वेळीं आवडणार नाहीं." फराळ आटोपून सर्व मंडळी माजघरांत बसली असतां मीं तें लावलें. तीन मिनिटांत वादन संपलें. थोडा वेळ कोणी कांहीं बोलेना. शेवटीं आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "वाजविणाराचा हात गोड आहे रे, पण हा कुठें जातच नाहीं. एकाच अंगणांत फेऱ्या घालतो आहे." त्यावर धाकट्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "आत्याबाई, मंगळागौरीची फुगडी तरी कुठें जाते?" येथून जो वाद सुरू झाला तो रात्रीं पानें वाढीपर्यंत चालला. त्या वादाच्या निमित्तानें मीं या तबकडीचा पाठपुरावा केला, आणि जें हातीं लागलें तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

आत्याबाईंचा आक्षेप खोटा नाहीं. शास्त्रोक्त गायन ऐकण्याची ज्यांच्या कानांस संवय आहे त्यांस असेंच वाटावयाचें. फिडल म्हणजे आपलें व्हायोलिनच; वाद्य एक, नांव मात्र वाजविणाराच्या समाजाप्रमाणें बदलतें. तीवर जी गत वाजते तिला ‘रील’ म्हणतात. हा नाचाचा प्रकार मूळचा स्कॉटलंडांतला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो समुद्र ओलांडून आयर्लंडमध्यें आला आणि तेथेंच घर करून राहिला. त्याची मांडणी अगदीं सुटसुटीत आहे. आठ द्रुत स्वरांचा एक खण धरला, तर असे आठ खण मिळून एक चरण होतो. पहिला चरण बहुधा खालच्या अंगाचा, दुसरा वरच्या अंगाचा. प्रत्येक चरण दोनदां घेतला कीं गत एकवार पुरी झाली. मग पुन्हां पहिल्यापासून. नर्तकांच्या पायांस जो वेग लागतो त्या वेगानें वाजविल्यास ही सारी गत अर्ध्या मिनिटाच्या सुमारास संपते. तबला नाहीं, ठेका नाहीं. वाजविणाराचा स्वतःचा पायच जमिनीवर लय धरीत असतो.

मग यांत ऐकावयाचें तें काय? आलाप नाहीं, बढत नाहीं, तान नाहीं. खरें पाहतां येथें विस्तार आहे, परंतु तो फार बारीक जागेंत आहे. एखादा दीर्घ स्वर आला कीं कुशल वादक त्यावर ‘रोल’ घेतो : मूळ स्वर, त्याच्या वरचा, पुन्हां मूळ, त्याच्या खालचा, पुन्हां मूळ, असे पांच स्वर डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच. आपल्या मुरकीची चुलत बहीणच म्हणावी. पुढच्या फेरींत तोच रोल तो टाळील व त्या जागीं गजाच्या तीन तुटक झटक्यांनीं तीन स्वर पेरील. कोठें दोन खणांच्या सीमेवर गज न उलटतां तसाच पुढें नेईल, म्हणजे जोर भलत्याच स्वरावर पडून लय क्षणभर झोका खाते. फेरी तीच, पण पाऊल निराळें. पुतण्यानें तीन वेळां ऐकावयास सांगितलें त्याचें मर्म हेंच होतें. तिसऱ्या खेपेस मला चाल पाठ झाली, आणि चाल पाठ झाल्यावरच वादक दिसूं लागला.

या तबकडीवर वस्तुतः एक नव्हे, तीन गती एकापाठोपाठ आहेत : ‘दि टारबोल्टन’, ‘दि लाँगफर्ड कलेक्टर’ आणि ‘दि सेलर्स बॉनेट’, म्हणजे खलाशाची टोपी. नांवांवरून चालीचा कांहीं बोध होईल अशी आशा धरूं नये. आयरिश लोक चालीस नांव देतात तें घरांतील मांजरास नांव द्यावें तसें; हांक मारण्यापुरतें. एकाच चालीस दोन परगण्यांत दोन नांवें आणि एकाच नांवाच्या दोन चाली, हें तर तेथें नित्याचेंच. पहिल्या गतीचें नांव मात्र तिचें कूळ सांगतें. टारबोल्टन हें स्कॉटलंडच्या एअरशायर प्रांतांतील एक लहानसें गांव. कवि रॉबर्ट बर्न्स तारुण्यांत या गांवाजवळच्या शेतावर राहत असे आणि १७८१ सालीं तेथील फ्रीमेसन मंडळाच्या लॉजमध्यें त्यास दीक्षा मिळाली. स्कॉटिश संग्रहांतून ही चाल ‘टारबोल्टन लॉज’ या नांवानें येते. आयर्लंडांत आल्यावर लॉज गळालें, गांव राहिलें. आज मात्र ही चाल म्हटली कीं लोकांस स्कॉटलंड आठवत नाहीं; आयर्लंडचा स्लायगो परगणाच आठवतो. असें कां व्हावें, तीच ही गोष्ट.

त्यापूर्वीं एक बारकावा, गाणाऱ्या वाचकांसाठीं. पहिली गत आपल्या काफी थाटाच्या जवळची, कोमल गांधार व कोमल निषाद घेऊन चालणारी. ती दोनतीनदां झाली कीं वादक मध्यें श्वासहि न घेतां दुसरीवर उडी घेतो, आणि पाहावें तों पहिलीचा कोमल गांधार हा दुसरीचा षड्ज होऊन बसलेला असतो. चाल एकदम बिलावलाच्या उजेडांत येते. तिसरींत षड्ज पुन्हां हलतो आणि पहिलीच्या कोमल निषादावर जाऊन ठरतो. तंबोरा जुळवून बसणाऱ्यास हें भ्रष्टाचारासारखें वाटेल. परंतु मूर्च्छनेचें तत्त्व ज्यांनीं वाचलें आहे त्यांनीं हे दोन सांधे अवश्य ऐकावे. नर्तकांच्या अंगावर त्या क्षणीं शहारा येत असेल, यांत मला शंका वाटत नाहीं.

वाजविणाऱ्याचें नांव मायकेल कोलमन. जन्म ३१ जानेवारी १८९१, स्लायगो परगण्यांतील किलॅव्हिल भागांत, एका लहान शेतकऱ्याच्या घरीं. बाप बांसरी वाजवीत असे, वडील भाऊ फिडल वाजवीत असे, आणि ‘भावाचा हात मायकेलपेक्षां सरस होता’ असें त्या भागांतील लोक पुढें पुष्कळ वर्षें सांगत. (अशी कथा प्रत्येक कीर्तिमान् माणसाच्या गांवीं ऐकावयास मिळते, पण ती नेहमींच खोटी असते असेंहि नाहीं. त्या भावाचें वादन कोणी मुद्रित केलें नाहीं, एवढेंच आपणांस ठाऊक.) घरचें उत्पन्न बेताचें, जमीन थोडी, तोंडें फार. १९१४ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, तो अमेरिकेस गेला. तेथें नाटकगृहांतून, नृत्यशाळांतून वाजवूं लागला आणि न्यूयॉर्क हेंच त्याचें ठिकाण झालें.

आयरिश संगीत तबकडीवर यावें हें अमेरिकेंतील कंपन्यांना आरंभीं सुचलें नव्हतें. तें त्यांच्या गळीं उतरविलें एका बाईनें. एलेन ओ’बर्न डी विट ही लेट्रिम परगण्यांतून आलेली बाई न्यूयॉर्कांत दुकान चालवीत असे. गिऱ्हाइकें आपल्या गांवाकडच्या चाली मागतात आणि विकावयास कांहीं नाहीं, हें पाहून ती १९१६ सालीं कोलंबिया कंपनीकडे गेली. कंपनीनें अट घातली कीं, ५०० तबकड्या तूं स्वतः घेत असशील तर आम्ही काढतों. बाईनें ती मान्य केली, मुलास वादक शोधावयास पिटाळलें, आणि हर्बॉर्न व व्हीलर या जोडीची पेटी व बँजो यांवरील तबकडी निघाली. ती हां हां म्हणतां खपली. व्यवहारज्ञान असलेल्या एका गृहिणीनें एवढ्या मोठ्या संगीताचें दार उघडावें, याचें आमच्या घरांतील स्त्रीवर्गास भारी कौतुक वाटलें, आणि तें मीं येथें नमूद करावें असा मला हुकूम आहे.

कोलमनच्या तबकड्या १९२१ पासून निघूं लागल्या. प्रथम कर्ण्यासमोर उभें राहून वाजवावें लागे; १९२५ नंतर विजेच्या यंत्रानें मुद्रण होऊं लागलें आणि गजाचा खरा आवाज ऐकूं येऊं लागला. मग १९२९ ची मंदी आली. कंपन्या बुडाल्या, श्रमिकांच्या खिशांत पैसा उरला नाहीं, तबकड्यांचा धंदा जवळजवळ झोपला. १९३४ सालीं अमेरिकेंत डेक्का नांवाची नवी कंपनी निघाली व तिनें पसतीस सेंटांस तबकडी विकावयास आरंभ केला. त्या स्वस्त तबकड्यांत कोलमनची ही तीन गतींची तबकडी होती. १९२१ ते १९३६ या पंधरा वर्षांत त्याचीं सुमारें ८० मुद्रणें झालीं. परंतु एकच निवडा असें म्हटलें तर बहुतेक आयरिश वादक याच तबकडीवर बोट ठेवतील.

तबकडीची एक बाजू म्हणजे तीन मिनिटें. हें बंधन आपल्याहि परिचयाचें आहे. अब्दुल करीम खांसाहेबांस मैफिलींत जो विस्तार तासभर पुरे, तो ‘पिया बिन नाहीं आवत चैन’च्या तबकडींत तीन मिनिटांत आटोपावा लागला, आणि पुढच्या पिढ्यांस ती ठुमरी तेवढ्याच आकाराची ठाऊक झाली. कोलमनची अडचण नेमकी उलट होती. त्याची गत अर्ध्या मिनिटाची. स्वयंपाकघरांत नाच चालला असतां ती नर्तक थकेपर्यंत वाजवावयाची. तबकडीवर ती सहा वेळां वाजविली असती तर ऐकणारा कंटाळला असता. म्हणून दोन किंवा तीन गती गुंफून तीन मिनिटें भरावयाचीं. अशी जोडणी पूर्वींहि होत असे, नाहीं असें नाहीं. पण ती त्या रात्रीपुरती असे. तबकडीनें ती कायमची केली. आज जगांत कोठेंहि आयरिश वादक बसले आणि कोणी ‘टारबोल्टन’ सुरू केली, तर पुढें ‘लाँगफर्ड कलेक्टर’ आणि मग ‘सेलर्स बॉनेट’ यावयाची हें सर्वांनीं गृहीत धरलेलें असतें. एका दिवशीं एका माणसानें तीन मिनिटें भरण्यासाठीं जी तड काढली, तिला नव्वद वर्षांत शास्त्राची प्रतिष्ठा आली.

कोलमनच्या साथीविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. कंपन्या त्यास पियानोची साथ देत, आणि पुष्कळ तबकड्यांत ती साथ ऐकवत नाहीं. वाजविणारास चाल ठाऊक नसे. फिडल एका सुरावर, तर पियानो भलत्याच. मंगलाष्टकांच्या वेळीं दारांतल्या बँडवाल्यानें आपलेंच कांहीं सुरू करावें तसा तो प्रकार! तरी कोलमनचा गज ढळत नाहीं.

आतां पुतण्याचा व माझा जो मतभेद झाला त्याकडे येतों. या चाली जगाव्या म्हणून दुसऱ्या एका आयरिश माणसानेंहि अमेरिकेंतच फार श्रम केले होते. फ्रान्सिस ओ’नील हा १८४८ सालीं कॉर्क परगण्यांत जन्मला, लहानपणींच जहाजावर खलाशी झाला, आणि फिरत फिरत शिकागोच्या पोलिसांत शिरून १९०१ ते १९०५ त्या शहराचा पोलीसप्रमुख झाला. बांसरी वाजवी, पण स्वरलेखन त्यास नीट येत नसे. तो चाली ध्यानांत ठेवी आणि जेम्स ओ’नील हा त्याचा सहकारी त्या उतरून घेई. १९०३ सालीं त्यानें १८५० चालींचा ग्रंथ काढला; १९०७ सालीं १००१ नाचाच्या चालींचा दुसरा. आयरिश वादक या दुसऱ्या ग्रंथास नुसतें ‘पुस्तक’ म्हणतात, इतका तो घरोघर झाला. माझें म्हणणें असें कीं, ओ’नीलनें जें केलें तेंच खरें रक्षण; कारण कागदावरील चाल कोणीहि आपल्या गांवच्या ढंगानें वाजवूं शकतो. पुतण्याचें म्हणणें असें कीं, कागदावर चालीचा सांगाडा येतो, गज येत नाहीं. गज तबकडींतच आला. दोघांचेंहि बरोबर आहे, म्हणूनच वाद मिटला नाहीं.

न्यूयॉर्कांतील आयरिश लोक या तबकड्या विकत घेऊन गांवीं आईबापांस धाडीत. ज्या घरीं ग्रामोफोन असे तेथें सारी आळी जमे. स्लायगोच्या शेजाऱ्यांस आपला मायकेल ऐकून आनंद झाला असेल. पण क्लेअर किंवा केरी परगण्यांतल्या एखाद्या म्हाताऱ्या वादकाची काय अवस्था झाली असेल? त्याची चाल संथ, त्याचा गज आंखूड, त्याचे अलंकार आजोबांकडून आलेले. आजवर त्याच्या गांवांत तोच प्रमाण. आतां त्याच्याच नातवानें तबकडीकडे बोट दाखवून म्हणावें कीं, ‘हें असें वाजवावयाचें असतें.’ तरुण वादक कोलमनचा शब्द न् शब्द उतरवूं लागले; त्याचा रोल, त्याचा झोका, त्याच्या जोड्या. स्लायगोचा ढंग हाच आयर्लंडचा ढंग ठरला, आणि निरनिराळ्या दऱ्याखोऱ्यांचे ढंग हळूहळू मागें पडले.

केवळ तबकडीस दोष देणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. १९३५ सालीं आयर्लंडांत सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा झाला. नाच भरवावयाचा तर परवाना पाहिजे असें ठरलें, आणि त्याच्या अंमलबजावणीच्या भरांत शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरांतले साधे घरगुती नाचहि बंद पाडण्यांत आले. क्लेअरचा फिडलवादक ज्युनिअर क्रेहन (१९०८–१९९८) या कायद्याविषयीं म्हातारपणींहि व्यथित होऊन बोलत असे. ज्या जागेंत मुलगा बापाच्या पायाशीं बसून गत शिके, ती जागाच गेली. जागा गेल्यावर उरली तबकडी. मग ती गुरु झाली यांत नवल काय? केरी व कॉर्क यांच्या सीमेवर पाड्रिग ओ’कीफ (१८८७–१९६३) हा नोकरी सुटलेला शाळामास्तर तेवढा डोंगरांतून घरोघर फिरत शिकवीत राहिला. चार रेघांच्या मधल्या जागा म्हणजे चार तारा आणि त्यांत लिहिलेले आंकडे म्हणजे बोटें, अशी त्यानें स्वतःची स्वरलिपि केली होती. त्या वहीच्या पानांमुळें त्या भागाचा ढंग आजहि वेगळा ऐकूं येतो.

कोलमनला या साऱ्याची कितपत कल्पना होती? तो परमुलखांत, पोटासाठीं, आपल्या पंचक्रोशीचें वाजवीत होता. दुसऱ्या पंचक्रोशी आपल्यामुळें मुक्या व्हाव्या असें त्याच्या स्वप्नींहि आलें नसेल. ४ जानेवारी १९४५ रोजीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, तो न्यूयॉर्कांतच वारला. पुढें १९६६ सालीं जो बर्क, अँडी मॅक्गॅन व फेलिक्स डोलन या तिघांनीं त्याच्या नांवानें एक ध्वनिमुद्रिका काढली. १९७४ सालीं त्याच्या जन्मभूमीजवळ माउंट अर्विन येथें स्मारक उभारलें गेलें, आणि १९९२ सालीं हॅरी ब्रॅडशॉ यांनीं जुन्या तबकड्या स्वच्छ करून त्यांचा संच प्रसिद्ध केला. पुतण्यानें आम्हांस पाठविलें तें अशाच एका स्वच्छ केलेल्या तबकडीवरून. डब्लिनमध्यें त्यास ती ज्या वृद्ध गृहस्थांनीं प्रथम ऐकविली त्यांनीं, म्हणे, वादन संपल्यावर एवढेंच विचारलें : "आणि तुमच्या घरीं कोणतें वाजत असे?" त्यास उत्तर देतां आलें नाहीं.

हें त्याचें पत्र मीं मोठ्यानें वाचून दाखविलें तेव्हां आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्या म्हणाल्या, "आपल्याकडे गणपतीची आरती अशी नव्हती म्हणत." आमच्या कोंकणांतील घरीं आरतीची चाल संथ होती, दुसऱ्या कडव्यापाशीं एक वळण होतें, आणि पुरुषांनीं चरण सोडावा व बायकांनीं उचलावा असा रिवाज होता, हें मला अंधुक आठवतें. कॅसेटी आल्या, सर्व मुलांनीं कॅसेटींतली चाल उचलली, आणि आम्ही मोठ्यांनींहि, मुलें नीट म्हणताहेत या कौतुकांत, तीच धरली. कोणी मोडली नाहीं, कोणी मना केली नाहीं; जुनी चाल राहून गेली.

सूनबाईंनीं लगेच फोन पुढें धरला. आत्याबाई रागावल्या : "हें यंत्र बाजूला ठेव आधीं. उद्यां त्यांतलीच खरी म्हणून बसाल." दुसऱ्या दिवशीं सकाळीं देवघरांत त्यांनीं ती सूनबाईंस व दोन्ही मुलींस समोर बसवून सांगितली. पहिलें कडवें सरळ आलें. दुसऱ्या कडव्याच्या वळणावर त्या अडल्या, पुन्हां मागून आल्या, पुन्हां अडल्या, आणि म्हणाल्या, "इथें दादा घेत असे, मी नुसती मागून उचलीत असें." दादा म्हणजे माझे वडील, त्यांस जाऊन एकोणीस वर्षें झालीं. तें वळण अद्याप सांपडलेलें नाहीं. रत्नागिरी-राजापूर बाजूच्या ज्या घरांतून आरतीचा चरण पुरुषांनीं सोडून बायकांनीं उचलण्याचा रिवाज अजून असेल, त्या घरांतील वडील मंडळींनीं या सदराच्या पत्त्यावर दोन ओळी लिहाव्या; मी मुलींस घेऊन ऐकावयास येईन. येतांना यंत्र आणावें कीं न आणावें, याविषयीं आमच्या घरीं अजून एकमत झालेलें नाहीं.